गिधाडांचे पुनरागमन : पेण व रोहे तालुक्यांच्या संदर्भात काही विचार

१

एखाद्या प्रदेशातून नाहीशी झालेली प्राणिजाती तेथे पुन्हा नांदावी, ह्यासाठी करावयाच्या प्रयत्नांना गेल्या काही दशकांत शास्त्राचे स्वरूप प्राप्त झाले आहे. आंतरराष्ट्रीय निसर्गसंरक्षण संघाने ह्या विषयावरील मार्गदर्शक तत्त्वे १९९८ साली प्रसिद्ध केली व २०१३ साली त्यांची सुधारलेली आवृत्ती काढली. ह्या तत्त्वांत दोन क्रियांमधील भेद काटेकोरपणे सांगितला आहे. जेथून एखादी जाती समूळ नाहीशी झाली, तेथे ती नव्याने वसविणे हे पुनःप्रस्थापन होय. जेथे ती थोड्या संख्येने का होईना उरली आहे, तेथे बाहेरून आणखी प्राणी आणून सोडणे ही केवळ भर होय. दोहोंचे धोके वेगळे आणि पूर्वतयारीही वेगळी. मात्र एक अट दोहोंना सारखीच लागू पडते. ज्या कारणाने ती जाती नष्ट झाली किंवा क्षीण झाली, ते कारण आधी दूर झालेले असले पाहिजे.

रायगड जिल्ह्यातील गिधाडांच्या बाबतीत हा भेद व ही अट ह्या दोन्ही गोष्टी विशेष महत्त्वाच्या ठरतात. पांढऱ्या पाठीचे गिधाड व लांब चोचीचे गिधाड ह्या दोन जाती पश्चिम महाराष्ट्रात पूर्वी सर्वत्र दिसत. त्यांतील पहिली उंच झाडांवर घरटी बांधते; दुसरी प्रामुख्याने सह्याद्रीच्या कड्यांवर वसते. आज ह्या जाती जिल्ह्यातून समूळ गेलेल्या नाहीत. मुरुड व रोहे ह्या तालुक्यांत पसरलेले फणसाड अभयारण्य आणि म्हसळे तालुक्यातील चिरगावचा परिसर ही त्यांची परिचित आश्रयस्थाने आहेत. सबब पेण व रोहे ह्या तालुक्यांपुढील प्रश्न रिकाम्या प्रदेशात पक्षी आणून सोडण्याचा नाही. जवळच तग धरून राहिलेल्या पक्ष्यांना आपला जुना संचारप्रदेश निर्भयपणे वापरता यावा, ह्यासाठी काय करावयास हवे, असा तो प्रश्न आहे.

२

प्रथम प्रदेशाचा विचार करू. पेण तालुक्याचा पश्चिम भाग खाडीकाठच्या खारजमिनीचा, तर पूर्व भाग डोंगराळ आहे. रोहे हे कुंडलिका नदीच्या काठी वसलेले असून त्याच्या पश्चिमेस फणसाडचे जंगल लागते. हे जंगल पूर्वी जंजिऱ्याच्या सिद्दी नबाबांचे राखीव शिकारक्षेत्र होते. १९८६ साली त्यास अभयारण्याचा दर्जा मिळाला. दोन्ही तालुक्यांच्या डोंगरवाड्यांत कातकरी व ठाकूर ह्या जमातींची, तर खाडीकाठच्या गावांत आगरी व कोळी समाजांची वस्ती मोठी आहे.

नकाशावर मोजले असता रोहे फणसाडपासून सरळ रेषेत सुमारे २० किलोमीटर, तर पेण सुमारे ४० किलोमीटर भरते. माणसाच्या दृष्टीने हे अंतर थोडे नाही. परंतु गिधाड पंख न हलविता, तापलेल्या हवेच्या ऊर्ध्वगामी प्रवाहांवर तरंगत अन्न शोधते, आणि एका दिवसात त्याहून कितीतरी अधिक अंतर सहज तोडते. फणसाडच्या झाडावर रात्र काढणारा पक्षी दुपारी पेणजवळच्या माळावर उतरू शकतो. ह्याचा अर्थ असा, की ज्या अभयारण्याच्या सीमा वन खात्याने आखल्या, त्या सीमांच्या आत गिधाडाचा केवळ निवारा आहे. त्याचे ताट बाहेर, गावागावांत वाढलेले असते.

म्हणून गिधाडांच्या बाबतीत अभ्यासकांनी ‘गिधाड सुरक्षित क्षेत्र’ अशी कल्पना मांडली. घरट्यांच्या समूहाभोवती किमान १०० किलोमीटर त्रिज्येचे वर्तुळ कल्पावे व त्यातील मृत गुरे विषमुक्त राहतील असा प्रयत्न करावा, असे तिचे स्वरूप आहे. अशा वर्तुळाचे क्षेत्रफळ ३०,००० चौरस किलोमीटरांहून अधिक होते. रायगड जिल्हा सुमारे ७,१५० चौरस किलोमीटरांचा आहे. फणसाड केंद्र धरल्यास वर्तुळाचा बराच भाग अरबी समुद्रात जातो. तरी उरलेल्या भागात रायगडखेरीज ठाणे, पुणे, सातारा व रत्नागिरी ह्या जिल्ह्यांचेही प्रदेश येतात. पेण व रोहे हे तालुके त्या वर्तुळात केंद्राच्या अगदी लगत आहेत.

३

आता कारणाकडे वळू. विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात भारतातील गिधाडे इतक्या वेगाने घटली, की पक्ष्यांच्या इतिहासात त्यास फारसा जोड नाही. १९९२ ते २००७ ह्या काळात पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची संख्या ९९.९ टक्क्यांनी, तर लांब चोचीच्या व सडपातळ चोचीच्या गिधाडांची मिळून सुमारे ९७ टक्क्यांनी घटल्याचे देशव्यापी गणनेत आढळले. आरंभी एखाद्या साथीचा संशय होता. लिंडसे ओक्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी पाकिस्तानातील पंजाबात मृत गिधाडे तपासली व २००४ साली आपला निष्कर्ष प्रसिद्ध केला. डायक्लोफेनॅक हे गुरांना दिले जाणारे वेदनाशामक औषध त्या मृत्यूंच्या मुळाशी होते. औषध दिलेले जनावर थोड्याच दिवसांत मेले, तर त्याच्या मांसात औषधाचा अंश राहतो. ते मांस खाल्लेल्या गिधाडाचे मूत्रपिंड निकामी होते, अंतर्गत अवयवांवर यूरिक आम्लाचे पांढरे थर साचतात आणि काही दिवसांतच पक्षी मरतो.

एवढा मोठा ऱ्हास होण्यास किती गुरे विषारी असावी लागतात, ह्याचे गणितही त्याच वर्षी मांडले गेले. हजार मृत गुरांमागे आठांहूनही कमी गुरांत प्राणघातक प्रमाणात औषध असले, तरी हा ऱ्हास घडून येतो, असे त्यात दिसले. ह्याचे रहस्य गिधाडाच्या जीवनक्रमात आहे. गिधाडाची मादी वर्षाला एकच अंडे घालते व पिल्लू प्रजननक्षम होण्यास सुमारे पाच वर्षे लागतात. प्रौढ पक्षी दीर्घायुषी असतो, ह्या एकाच भरवशावर जातीचे सातत्य टिकते. उदाहरणादाखल १०० पक्ष्यांचा एक समूह घ्यावा. त्यात ४० जोड्या विणीच्या धरल्या, निम्मी घरटी यशस्वी झाली आणि निम्मी पिल्ले प्रौढ झाली, तर वर्षाला १० पक्ष्यांची भर पडेल. गिधाडे एका मृत जनावराभोवती झुंडीने जमतात. अशा एकाच बैलावर वीस पक्षी दगावले, तर दोन वर्षांची सारी कमाई एका दुपारी संपते. तीही जुन्या पक्ष्यांच्या नैसर्गिक मृत्यूंची वजावट न करता.

ह्या प्रकरणातील एक गोष्ट नियोजनकर्त्याने ध्यानात ठेवावयास हवी. वेदनाशामक औषध ज्याला दिले जाते, ते जनावर बहुधा आजारी, जखमी अथवा म्हातारे असते. म्हणजे लवकर मरण्याचा संभव असलेलेच असते. मालक ते औषध देतो, ते त्या मुक्या जिवाच्या वेदना पाहवत नाहीत म्हणून. गिधाडांच्या विनाशाच्या मुळाशी शिकाऱ्याचे क्रौर्य नाही. गोठ्यातील दया आहे. त्यामुळे शिकारबंदीच्या धर्तीवर गुन्हेगार शोधत हिंडणारी योजना येथे निरुपयोगी ठरते. मालकाच्या दयेला दुसरे निर्धोक औषध उपलब्ध करून देणे, हाच उपाय उरतो. तसे औषध आहे. मेलॉक्झिकॅम गिधाडांना अपायकारक नसल्याचे २००६ साली सिद्ध झाले आणि त्याच वर्षी भारत सरकारने पशुवैद्यकातील डायक्लोफेनॅकवर बंदी घातली. तथापि मनुष्यांसाठी बनविलेल्या मोठ्या कुप्या गुरांसाठी विकल्या जातच राहिल्या. म्हणून २०१५ साली मनुष्यांसाठीच्या अंतःक्षेपणाच्या कुपीची मर्यादा ३ मिलिलिटर करण्यात आली. पुढे २०२३ साली किटोप्रोफेन व असिक्लोफेनॅक ह्या औषधांवरही पशुवैद्यकापुरती बंदी आली. कायद्याचे काम ह्या प्रकारे बरेच पुढे गेले आहे. औषधाच्या दुकानातील फळीवर प्रत्यक्षात काय असते व अडल्या वेळी गोठ्यात काय टोचले जाते, ह्या प्रश्नांची उत्तरे मात्र गावातच शोधावी लागतात.

४

कारण दूर न करता प्राणी सोडल्यास काय होते, ह्याचे उदाहरण अमेरिकेत सापडते. कॅलिफोर्नियातील काँडर हा गिधाडासारखाच मृतभक्षक पक्षी. १९८७ साली त्या जातीचे उरलेले सर्व २७ पक्षी बंदिवासात होते. त्यांच्यापासून पैदास करून १९९२ पासून पक्षी पुन्हा मोकळे सोडण्यात आले व त्यांची संख्या शेकड्यांच्या घरात गेली. परंतु शिकाऱ्यांच्या गोळ्यांतील शिसे मृत प्राण्यांच्या मांसातून त्यांच्या पोटात जातच राहिले. कॅलिफोर्निया राज्यात शिकारीसाठी शिशाच्या गोळ्या वापरण्यावर संपूर्ण बंदी लागू होण्यास २०१९ साल उजाडले. मधल्या काळात मोकळे पक्षी वारंवार पकडून त्यांच्या रक्तातील शिसे उतरविण्याचा खटाटोप करावा लागला. पैदास यशस्वी झाली; पण पक्षी स्वावलंबी झाले नाहीत.

भारतात हरियाणातील पिंजोर येथे बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने राज्याच्या वन विभागाच्या सहकार्याने गिधाडांचे पैदास केंद्र उभारले. २०२० साली तेथील काही पांढऱ्या पाठीची गिधाडे उपग्रहाशी संपर्क राखणारी यंत्रे बसवून मोकळी सोडण्यात आली. २०२४ साली पिंजोरची गिधाडे महाराष्ट्रात आणून, काही काळ मोठ्या पिंजऱ्यांत रुळवून, ताडोबा–अंधारी व पेंच येथे सोडण्यात आली. ताडोब्याहून निघालेला एक पक्षी अनेक राज्ये ओलांडून तमिळनाडूपर्यंत गेला. व्याघ्रप्रकल्पाच्या सीमेत सोडलेला पक्षी त्या सीमेत राहील, ही अपेक्षा किती भ्रामक आहे, हे ह्या एका प्रवासाने दाखवून दिले.

ह्या अनुभवांवरून पेण व रोहे येथील कार्याचा क्रम ठरविता येतो. पहिली पायरी औषधांची पाहणी : पशुवैद्यकीय दवाखाने, औषधांची दुकाने आणि गुरांवर उपचार करणारे खाजगी इसम कोणती औषधे वापरतात, ह्याची नियमित नोंद. दुसरी पायरी अन्नाची : मृत गुरे कोठे जातात व पुरली जातात की उघड्यावर पडतात, ह्याचा हिशेब. तिसरी पायरी निवाऱ्याची : उंच व जुनी झाडे राखणे. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले, तेव्हा बागा व जंगले ह्यांतील असंख्य वृक्ष उन्मळून पडले. घरट्याला योग्य असा वृक्ष वाढण्यास कित्येक दशके जातात; म्हणून आजच्या मध्यम उंचीच्या झाडांना उद्याची घरट्याची झाडे समजून जपले पाहिजे. चौथी पायरी गणनेची. ह्या चारही पायऱ्या काही वर्षे समाधानकारकपणे पार पडल्यावरच बाहेरून पक्षी आणण्याचा विचार उचित ठरेल. कदाचित तो करावाही लागणार नाही. अन्न निर्धोक असले, तर फणसाड व म्हसळे येथील पक्षी आपण होऊन पसरतील.

५

ह्या सर्व पायऱ्यांचा भार गावावर पडतो. म्हणूनच ‘लोकाधारित संवर्धन’ हा शब्दप्रयोग आज सर्वत्र रूढ झाला आहे. चिरगाव येथे महाडच्या सीस्केप ह्या संस्थेने गावकऱ्यांच्या साहाय्याने घरट्यांची राखण व अन्नाची सोय केली. फणसाड येथे वन खात्याने मृत गुरे ठेवण्याची ठरावीक जागा केली; अशा जागेस ‘गिधाडांचे उपाहारगृह’ असे काहीसे गमतीचे नाव पडले आहे. परंतु ‘लोक’ ह्या शब्दाच्या पोटात कोण कोण येतात, ह्याचा विचार केल्यावाचून ही पद्धत इतरत्र नेता येणार नाही.

पूर्वी गावात गिधाडे मुबलक होती, कारण मेलेली गुरे गावाबाहेरच्या ठरावीक जागी ओढून नेली जात, असे जुन्या व्यवस्थेचे वर्णन केले जाते. ते वस्तुस्थितीस धरून आहे. पण अपुरे आहे. ते जनावर ओढून कोण नेत असे, हे त्यात सांगितलेले नसते. हे काम जातीने लादलेले होते. मेलेले ढोर ओढणे ही महारांची वतनी जबाबदारी मानली जाई आणि तिच्यातूनच अस्पृश्यतेचे समर्थनही केले जाई. ह्याच जिल्ह्यात, तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यात, महाड येथे १९ व २० मार्च १९२७ रोजी भरलेल्या परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मृत जनावरांचे मांस खाण्याचे सोडून देण्याचे आवाहन केले. पुढील दशकांत ढोर ओढण्यास नकार देणे हा स्वाभिमानाच्या चळवळीचा एक भाग झाला. १९५८ च्या कायद्याने कनिष्ठ ग्रामवतने रद्द झाली व ह्या सक्तीचा कायदेशीर आधार गेला.

गिधाडांच्या अन्नाची जुनी साखळी अशा रीतीने मोडली, आणि ती मोडली हे योग्यच झाले. ह्या वस्तुस्थितीकडे दुर्लक्ष करून ‘परंपरागत पद्धतीचे पुनरुज्जीवन’ अशी घोषणा करणारी योजना गावातील एका समाजाला त्याने झुगारलेले जू पुन्हा मानेवर घ्या, असे सांगू लागते. तिला त्या समाजाने विरोध केला, तर तो निसर्गाला विरोध ठरत नाही. म्हणून मृत गुरांची वाहतूक हे यंत्राने, वाहनाने, योग्य वेतनावर व संरक्षक साधनांसह करावयाचे सार्वजनिक आरोग्याचे काम ठरविले पाहिजे, आणि ते कोणत्याही जातीच्या नावाने वाटले जाता कामा नये. मालकाने जनावराला अखेरच्या दिवसांत कोणते औषध दिले, ते सांगावे. शंका असल्यास ते जनावर पुरले जावे, एवढी शिस्तही त्याबरोबर हवी. विषारी गूर गिधाडांपुढे ठेवण्यापेक्षा त्या दिवशी काहीच न ठेवणे बरे.

६

शेवटचा मुद्दा भाषेचा. योजनांची परिभाषा बहुधा इंग्रजीत घडते व मराठीत केवळ शब्दाला शब्द ठेवला जातो. ती परिभाषा गावात पोहोचते, तेव्हा तेथील शब्दांच्या अंगाला चिकटलेला इतिहास तिला येऊन मिळतो.

‘सुरक्षित क्षेत्र’ हाच शब्द घ्यावा. २१ सप्टेंबर २००८ रोजी पेण तालुक्यातील २२ गावांत नियोजित विशेष आर्थिक क्षेत्रासाठी होऊ घातलेल्या भूसंपादनावर शेतकऱ्यांचे मत अजमावण्यात आले होते. ज्या गावांनी ‘क्षेत्र’ हा शब्द जमीन जाण्याच्या भीतीसह ऐकला, तेथे ‘गिधाड सुरक्षित क्षेत्र’ असा फलक लागला, तर त्यातून प्रथम कोणता अर्थ निघेल, हे सांगावयास नको. वास्तविक ह्या योजनेत एक गुंठाही जमीन घ्यावयाची नसते. बदलावयाचे असते ते गुरांचे औषध. ‘पुनःप्रस्थापन’ हा शब्दही ‘पुनर्वसन’ ह्या शब्दाच्या इतका जवळ आहे, की धरणे व कारखाने पाहिलेल्या जिल्ह्यात त्याचा ध्वनी निर्दोष राहत नाही. ‘निर्धोक चारा, निर्धोक औषध’ अशा साध्या शब्दांनी जे सांगता येते, ते क्षेत्र, परिमंडल, प्रस्थापन ह्यांच्या आडून सांगण्याचे कारण नाही.

पक्ष्याच्या नावाचेही असेच आहे. ‘गिधाड’ हा शब्द संस्कृतातील ‘गृध्र’ ह्या शब्दाशी निगडित असून त्याच्या मुळाशी असलेल्या धातूचा अर्थ ‘हाव धरणे’ असा आहे. मराठीत लुबाडणाऱ्या माणसाला गिधाड म्हणतात. त्याच वेळी सीतेसाठी प्राण वेचणारा जटायू हाही गृध्रच, हे रामकथा ऐकलेल्या प्रत्येकाला ठाऊक असते. निंदा व आदर ही दोन्ही भाषेत पूर्वीपासून आहेत. योजनेने नवे काही निर्माण करण्यापूर्वी आहे ते जाणून घ्यावे.

ह्यासाठी एक साधनही हाताशी आहे. २००२ च्या जैवविविधता कायद्यानुसार ग्रामपंचायतीच्या पातळीवर समिती नेमून लोक जैवविविधता नोंदवही तयार करावयाची असते. ह्या नोंदवहीत वनस्पती व प्राणी ह्यांची केवळ शास्त्रीय व प्रमाण मराठी नावे उतरविली, तर ती कातकरी वाडीतील वृद्धाला वाचून दाखविली तरी परकीच वाटेल. उलट, आगरी, कातकरी व ठाकूर बोलींत त्या त्या पक्ष्याला काय म्हणतात, तो कोणत्या झाडावर बसे, कोणत्या सालापर्यंत दिसे, हे बोलणाऱ्याच्याच शब्दांत लिहून घेतले, तर शास्त्रज्ञाला जुन्या विणीच्या जागांची माहिती मिळेल व भाषाभ्यासकाला शब्दसंपत्तीची. कातकरी ही महाराष्ट्रातील विशेष दुर्बल मानलेल्या तीन जमातींपैकी एक आहे. जंगलाविषयीचे तिचे ज्ञान मुख्यतः तिच्या बोलीतच साठलेले आहे. बोलणारे वृद्ध एकेक करून जात असताना ही नोंद पुढे ढकलणे परवडणारे नाही.

७

सारांश, पेण व रोहे येथे गिधाडांचे पुनरागमन घडवून आणण्यासाठी सर्वांत आधी लागणारी गोष्ट पक्षी नव्हे. प्रथम औषधाची फळी बदलली पाहिजे, मृत गुरांची व्यवस्था कोणाच्याही अपमानावाचून लागली पाहिजे आणि ज्यांच्या गोठ्यावर हे सारे अवलंबून आहे त्यांना ते त्यांच्या शब्दांत समजले पाहिजे. भारत सरकारने २०२० साली प्रसिद्ध केलेल्या पंचवार्षिक कृतियोजनेतही घातक औषधांच्या नियंत्रणास प्राधान्य दिलेले होते. त्या प्राधान्याचा तालुक्याच्या पातळीवरील अर्थ एवढाच, की रोह्याच्या औषधविक्रेत्याने योग्य कुपी पुढे करावी आणि पेणच्या शेतकऱ्याने तीच मागावी. हे घडले, तर फणसाडच्या झाडावरून उठलेला पक्षी ह्या तालुक्यांवरून फिरून संध्याकाळी आपल्या झाडावर परत येईल. पुनरागमन ह्या शब्दाचा प्रत्यक्षातील अर्थ तोच होय.